एका अर्जाला एकच पान

दोन रुपयांच्या झेरॉक्ससाठी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावणारा माणूस मी एकच पाहिला. दादाराव. आणि तेही दर महिन्याला.

अमरावतीच्या ज्या सरकारी कार्यालयात मी कारकून आहे, तिथं माहिती अधिकाराचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. अर्जाला दहा रुपये, पानाला दोन. लोक एका अर्जात पोतंभर कागद मागतात. दादाराव एकच पान मागायचे. बहात्तरच्या दुष्काळात भातकुलीकडे खडी फोडायचं काम निघालं होतं, त्याच्या हजेरीपटाचं. या महिन्यात एका आठवड्याचं, पुढच्या महिन्यात त्याच्या पुढच्या आठवड्याचं.

"काका, सगळी पानं एकाच अर्जात मागा ना," मी म्हणायचो.

"एकदम मांगतलं तं सरून जाईन न, भाऊ."

"पण पाहिजेत कशाला?"

"कायद्यात कारण सांगा लागत नाई."

हे त्यांचं पालुपद. पन्नाशी उलटलेला हा माणूस नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात कामाला. सुटीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, झेरॉक्स खिडकीशी न्यायचे, अंगठ्यांच्या रांगेवर भिंग धरायचे आणि हमखास परत करायचे. "लय काळं आलं. रेघा दिसल्या पायजे."

आमच्या साहेबांची झोप उडाली. हा माणूस खोटे अंगठे शोधतोय, आता चौकशी लागणार! चोराच्या मनात चांदणं म्हणावं, तर ते काम झालं तेव्हा साहेब जन्मलेही नव्हते. तरी त्यांनी जुने कागद नष्ट करायची यादी काढली, आणि त्या हजेरीपटाचा गठ्ठा पहिल्या नंबरवर घातला.

मी दादारावांना हे सांगितलं, तर ते बाकावर बसूनच गेले. मग म्हणाले, "एकडाव मूळचं पाहू देता का?"

पाहणीचा पहिला तास फुकट असतो. मी गठ्ठा सोडून त्यांच्यापुढं ठेवला. पानं उलटत ते एका ओळीवर थांबले. कौतिकाबाई. नावापुढं अंगठा.

"जांभळा हाये! मी आजवर काळाच पायला."

मग न विचारता कारण सांगितलं. "माही माय. मी पोटात होतो तवा खडी फोडे. हे पुढचं पान पाहा, गुरुवारपासून गैरहजर. त्या दिवशी मी झालो, अन् माय गेली. घरी फोटो नाई, काई नाई. तिच्या हाताचं एवढंच हाये, भाऊ."

त्या भिंगाची आणि त्या इस्त्रीच्या शर्टाची मी चहाच्या टपरीवर नक्कल करून दाखवत होतो. माझी मलाच लाज वाटली.

तास संपला. त्यांनी पाच रुपये टेबलावर ठेवले. "अजून पाव घंटा."

ते गेल्यावर मी खाली जाऊन दहा रुपयांचं तिकीट आणलं. ज्या कागदासाठी माहितीचा अर्ज पडून आहे, तो नष्ट करता येत नाही. मी माझ्याच नावानं अर्ज लिहिला, त्याच हजेरीपटाच्या एका पानासाठी. दादारावांचा अर्ज पान दिलं की निकाली निघायचा; माझा मी मुदतीचे तीस दिवस पडू देतो, आणि आता दर महिन्याला नवा लिहितो.

पहिला अर्ज पाहून साहेब चक्रावले. "अहो, तुम्हाला कशाला पाहिजे हे?"

"साहेब," मी म्हणालो, "कायद्यात कारण सांगा लागत नाई."