ओझ्याचा दगड

"इथंच बसा. हलू नका. आणि ही पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही," असं बजावून बायको चादरींच्या दुकानात शिरली.

पिशवीत आप्पांची कवळी होती. आप्पा म्हणजे तिचे वडील, जावयाचे सासरे. कवळीला गेलेला तडा दातांच्या डॉक्टरांनी आजच सांधून दिला होता आणि संध्याकाळी आप्पांना वाचनालयात गावच्या इतिहासावर बोलायचं होतं. दरवर्षी बोलत. ऐकायला ग्रंथपाल, शिपाई, मुलगी आणि जावई. यंदा ग्रंथपालांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आप्पा, या खेपेला माणसं जमली नाहीत, तर त्या खोलीत कॅरम ठेवू." तेव्हापासून आप्पांचं जेवणावरून मनच उडालं होतं.

जावई बसला होता तो बाजाराच्या तोंडाशी असलेला सपाट दगड. त्याचा इतिहास आप्पांनी त्याला इतक्या वेळा सांगितला होता, की तो त्याने एकदाही ऐकला नव्हता. शेजारी चपला शिवणाऱ्याचं दुकान होतं, समोर मोठा कापडवाला. कापडवाल्याचा सेल लागला होता आणि निम्मं गाव त्याच्याच पिवळ्या पिशव्या घेऊन हिंडत होतं. कवळीही पिवळ्या पिशवीतच होती.

"भाऊ, बसलाच आहात तर एवढं बघता का? आलेच मी," म्हणत कडेवर पोर घेतलेल्या एका बाईने पिवळी पिशवी दगडापाशी टेकवली. नाही म्हणणं जावयाच्या रक्तात नव्हतं. तेवढं पाहून एक आजोबा आले. मग दोघी बहिणी. मग विचारायचीही कुणाला गरज वाटेना. माणसं यायची, पिशवी ठेवायची आणि निघून जायची.

"बंद किती वाजता करता?" एकाने विचारलं.

"काय बंद?"

"ही सोय हो. चांगली केलीय नगरपालिकेने."

नगरपालिकेचा साहेब आलाच. "रस्त्यावर ढीग कुणाचा?" जावई ताडकन उभा राहिला. साहेब पुढ्यात आला की उभं राहायचं, ही नोकरीतली सवय. उभा राहिला तशी मांडीवरची पिशवी घसरून ढिगात गेली.

"माझा नाही, साहेब. सगळ्यांचा आहे."

"मग नीट रचून ठेवा. जाणाऱ्या-येणाऱ्याला अडथळा नको," असं म्हणून साहेबाने आपलीही पिवळी पिशवी त्यात ठेवली आणि तो चहाला गेला.

बायको परतली तोवर बरेचजण आपापली पिशवी घेऊन गेले होते. उरलेल्या तिने एकेक करून उघडल्या. टॉवेल. मोजे. लोकरीचे गुंडे.

"अहो, आप्पांचे दात कुठायत?"

जावयाची दातखीळ बसली.

"बोला की. दात त्यांचे गेलेत, तुमचे नाहीत."

व्याख्यानाची वेळ होत आली होती. चपला शिवणारा म्हणाला, "दादा, तुम्ही सगळं घेऊन वाचनालयात जा. पिशवी शोधत येईल त्याला मी तिकडे धाडतो. नेलेल्यांनाही निरोप देतो, सगळी माझीच गिऱ्हाइकं आहेत."

आप्पा खुर्चीत तोंडावर रुमाल धरून बसले होते. मुलीने कानात सांगितलं तसा रुमाल आणखी वर सरकला. तेवढ्यात पोरवाली बाई आली. मग आजोबा, दोघी बहिणी, त्यांच्यामागे गर्दीच. शिपाई बाहेरून बाकं आणू लागला. आप्पा डोळे विस्फारून बघत राहिले. मग त्यांनी जावयाला बोटानेच खूण केली. उठा.

जावई उठला. समोर भरलेली खोली, मागे गप्प सासरा. ताटावर बसून कानांवरून गेलेलं सगळं आपोआप तोंडात आलं. "आपल्या बाजाराच्या तोंडाशी दगड आहे ना, तो ओझ्याचा दगड. पूर्वी डोक्यावर ओझी घेऊन माणसं बाजाराला येत, ती तिथं उतरवून दम खात. दगडावर जो बसेल त्याने बाकीच्यांची ओझी राखायची, असा रिवाज. म्हणे कुणाचं कधी काही हरवलं नाही." तो थांबला. "आजपर्यंत."

खोली हसली. मग आजोबांना त्यांच्या आजोबांची गोष्ट आठवली. बहिणी म्हणाल्या, तिथं पाण्याचा नळही होता. जो तो बोलू लागला आणि आप्पा मान डोलावत राहिले.

दारात नगरपालिकेचा साहेब उभा राहिला. पिवळी पिशवी त्याने अंगापासून लांब धरली होती.

"ह्यात कुणाचे तरी दात आहेत," तो म्हणाला. "आणि बायकोची लोकर नेल्याशिवाय मला घरात घेणार नाहीत."

जावयाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. आता आप्पा बोलणार म्हणजे रात्रीच्या जेवणाचं नाव नको.

आप्पांनी पाठ वळवून कवळी बसवली, रुमाल घडी करून खिशात घातला आणि भरलेली खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे भरून पाहिली.

"जावईबापूंनी सांगितलं, ते बरोबर आहे," एवढंच म्हणून ते खाली बसले.

टाळ्या थांबल्यावर ग्रंथपालांनी पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथंच देऊन टाकलं. घरी जाताना दगडापाशी आल्यावर आप्पांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षीही कवळी तुम्हीच आणायला जा," ते म्हणाले. "सेल लागलेला बघून."