बाल्दिरीची भरलेली सुरई

"यंदा कोकराच्या चापा भाजायला दुसरा माणूस बघा," असं बाल्दिरीने गावात आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं.

त्याच्या गावात दर वसंतात चौकात टेबलं लागत. प्रत्येक घराने आपली वाइन आणि तिच्या जोडीचा एक पदार्थ मांडायचा. ज्याची सुरई आधी रिकामी होईल तो जिंकला. गावजत्रेला त्याचीच वाइन आणि मानाची खुर्चीही त्याचीच. ज्याची सुरई शेवटपर्यंत भरलेली राहील, त्याने जत्रेत द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या पेटवून गावासाठी कोकराच्या बरगडीच्या चापा भाजायच्या. बाल्दिरी सलग अकरा वर्षं भाजत होता. धुराने त्याच्या भुवयांनीसुद्धा उगवायचा नाद सोडला होता. खुर्चीत मात्र अकरा वर्षं शेजारचा सेरापी.

पण यंदा बाल्दिरीने जुन्या वेलींची गार्नाचा आणि कारिन्येना अशी दोन जातींची द्राक्षं मिसळून केलेली वाइन दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरवली होती. एका घोटात कान गरम करणारी वाइन! सेरापी तसल्याच वाइनच्या जोडीला बकरीचं मऊ चीज मांडायचा, आणि बाल्दिरीला त्याची कीव यायची. असल्या दांडग्या वाइनपुढे रानडुकराचा रस्साच पाहिजे, बदाम आणि कडू चॉकलेट वाटून घातलेला. तो रांधायला सासूबाई तेक्ला होत्याच.

सकाळी त्याने डोंगरावरच्या खोपटातल्या त्या पिंपातून सुरई भरून आणली आणि वाइनला हवा लागावी म्हणून स्वयंपाकघरात उघडी ठेवली. मग खुर्चीत बसायचं तर चेहरा नीट हवा, म्हणून दाढी करायला गेला. दुपारी परतला तो सुरई आणि पातेलं उचलून थेट चौकात. घाईत घोटभर चाखायचंही राहून गेलं.

लोकांनी रस्सा घेतला, वाइन घेतली, मग पुन्हा रस्सा. सेरापी तर आपलं टेबल सोडून तीनदा आला.

"बाल्दिरी, कुठेतरी ओळखीची चव लागते रे."

"चांगली चव आपल्याला ओळखीची वाटतेच, सेरापीदादा. पिऊन घ्या."

पाऊण तासात सुरई उलटी केली तरी थेंब पडेना. बाल्दिरी जिंकला. त्याला आनंदाने हसूही येईना, नुसते डोळे भरले. सेरापीने टोपी काढून मिठी मारली. सरपंच म्हणाले, "तीन आठवड्यांनी जत्रा. पिंपभर हीच वाइन हवी. जराही चव बदलली तर गाव ओळखेल, सांगून ठेवतो."

"पिंप तयारच आहे," बाल्दिरी म्हणाला आणि घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडायचाच बाकी राहिला.

"आई, तुमच्या रश्शाने आणि माझ्या वाइनने अकरा वर्षांचे पांग फेडले."

"तुझी वाइन रश्शातच होती ना," तेक्ला पातेलं घासत म्हणाल्या. "ओट्यावर सुरई दिसली, ओतली. आपल्याकडे ओट्यावर असते ती स्वयंपाकाचीच वाइन, नाही का? मग तू सुरई हवी म्हणाला होतास हे आठवलं, म्हणून तळघरातल्या बरणीतून भरून ठेवली."

"कसली बरणी?"

"रविवारच्या जेवणाला त्या लांब चोचीच्या भांड्यात, पोर्रोत, जी उरते ती मी त्या बरणीत ओतते. वरून धार धरून पितात, ओठ लागत नाहीत, मग उष्टं कसलं? थोडी तुझी, थोडी माझ्या नवऱ्याच्या जुन्या पिंपातली. आणि अर्धीअधिक सेरापीची. तो दर रविवारी जेवायला येतो, स्वतःची वाइन आणतो आणि बोलण्याच्या नादात पितच नाही."

बाल्दिरी खुर्ची धरून बसला. ही काही मानाची नव्हती.

"बरणीत उरली किती?"

"होती नव्हती ती सगळी सुरईत गेली, जावईबापू."

तो तसाच उठला आणि सेरापीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"सेरापीदादा, जत्रेपर्यंत रोज दोन्ही वेळा आमच्याकडेच जेवायचं. वाइन भरपूर आणा. गप्पाही भरपूर मारा."

"रोज? आणि जेवायला काय देशील?"

"चापा," बाल्दिरी खाली मान घालून म्हणाला. "मीच भाजतो."