‘आलेच’ म्हणणाऱ्यांची शिरगणती

माणसाला वर्षातून एकदा तरी घसरावंसं वाटतं, आणि ज्या देशात घसरायला उतारच नाही त्या देशात ही गरज सामूहिक स्वरूप धारण करते. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत. (आमच्या उइटहॉर्न गावातली उंच जागा म्हणजे आम्स्टेल नदीवरचा पूल. त्यावर सायकल चढवताना मंडळी गिअर बदलतात आणि पलीकडे उतरल्यावर अनुभव सांगतात.) त्यामुळे फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागली की अख्खा देश गाडीच्या टपावर पेटारा बांधून ऑस्ट्रियाकडे चालू लागतो. जो जात नाही त्याला सोमवारी ऑफिसात कोणी काही बोलत नाही, फक्त तब्येत विचारतात.

अशा वेळी मराठी समाज मागे कसा राहणार? परक्या मुलखात गेल्यावर तिथल्या चालीरीती पाळाव्यात असं आमचं ठाम मत आहे. फक्त त्या आम्ही आमच्या पद्धतीने पाळतो. म्हणून ‘हिमप्रवास सहकार समिती’ स्थापन झाली. उद्देश उदात्त होता. प्रत्येकाने आपापली गाडी काढून रस्ते अडवण्यापेक्षा, धूर सोडण्यापेक्षा, सर्वांनी मिळून कमीत कमी गाड्यांतून बर्फापर्यंत जावं. समितीचा चिटणीस मी, शिरीष. एरवी एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, पण खरी आवड इतिवृत्त लिहिण्याची.

समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एकतीस सभासद आहेत. पैकी अंगठा उंचावणारे एकोणतीस, ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणणारे सव्वीस आणि प्रत्यक्ष निघणारे पाच. आमच्या इतर उपक्रमांच्या मानाने हे प्रमाण उत्कृष्ट आहे.

हे पाच म्हणजे मी, माझी पत्नी जयंती, ब्रेडाला मालवाहतूक कंपनीत काम करणारा आणि म्हणून मार्गप्रमुख झालेला आशुतोष, त्याची बायको व भोजनप्रमुख चैत्राली आणि आशुतोषचे वडील मनोहरकाका. काका पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि त्यांना बर्फात काडीचाही रस नव्हता. पण पहिल्याच सभेत गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून ते उठले आणि रीतीप्रमाणे दारातून “येतो” म्हणाले. इतिवृत्तात त्यांची ‘येणार’ अशी नोंद झाली. पुढच्या सभेत त्यांनी हरकत घेतली. पण एकदा मंजूर झालेलं इतिवृत्त असं कुणाच्या लहरीवर बदलता येत नाही, आणि काकांची लोकरी टोपी तोवर मागवून झाली होती.

या पाचांत बर्फावर घसरण्याचा इरादा एकाच व्यक्तीचा होता. जयंतीचा. बाकीच्यांचा बेत बर्फाजवळ बसण्याचा होता.

जयंतीबद्दल थोडं सांगायला हवं. ती या देशात माझ्या व्हिसाच्या शेपटाला धरून आली, पहिली दोन वर्षं खिडकीतून पाऊस पाहिला, मग भाषा शिकली आणि आता आल्समेरच्या फुलांच्या लिलावात पहाटपाळी करते. तिथल्या घड्याळाचा काटा वरून खाली येतो तसा भाव उतरत जातो, आणि जो आधी बटण दाबेल त्याची फुलं. क्षणभर रेंगाळलात की तुमचे ट्युलिप दुसऱ्याच्या ट्रकमध्ये. या वातावरणाचा तिच्यावर अनिष्ट परिणाम झाला असून ती वेळेवर येते.

त्या हिवाळ्यात दर रविवारी ती एका बंदिस्त हॉलमध्ये, यंत्राने पाडलेल्या बर्फावर, स्की शिकायला एकटी जात होती. गुडघे जांभळे करून यायची आणि जेवताना स्वतःशीच हसायची. मग तिने ऑस्ट्रियातल्या तिरोलमधल्या आमच्या मुक्कामाच्या गावी सहा दिवसांच्या वर्गात नाव घातलं. अट एकच होती. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत स्वतः काउंटरवर हजर राहून बूट मापून घ्यायचे, नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या माणसाला. सुट्टीचा आठवडा, यादी मारुतीच्या शेपटाएवढी.

“शिरीष, मला सहाच्या आत तिथे असायचंय,” ती म्हणाली. “मग तुम्ही मला कुठल्याही डब्याशेजारी बसवा.”

तिने ट्रेनचा प्रस्तावही मांडला होता. वेळापत्रक तोंडपाठ करून आली होती बिचारी, कुठे बदलायची, पुढे कुठली बस. समितीने प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करून तो चार विरुद्ध एक मतांनी फेटाळला. ट्रेनमधला मूलभूत दोष असा की ती कोणासाठी थांबत नाही. तिला ‘पाच मिनिटं’ म्हणून सांगता येत नाही. शिवाय लसणाची चटणी उघडली की समोरचा जर्मन उठून दुसरीकडे बसतो, आणि आपल्याला प्रश्न पडतो, त्याला बसायला सांगावं की खायला. (काकांनीही विरोधात मत दिलं, कारण सगळेच बेत फेटाळले तर आपण सुटू अशी त्यांची आशा होती.)

ट्रेन बाद झाल्यावर पाच माणसांना एक गाडी पुरते हे उघड होतं. पण एकच गाडी नेली आणि ती बंद पडली तर? म्हणून दुसरी. दुसरी गाडी न्यायचीच तर ती रिकामी कशाला न्यायची, म्हणून चैत्रालीने दोन कुकर, दहा किलो तांदूळ आणि इडलीपात्र घेतलं. आणि एवढं सामान आहे म्हटल्यावर दोन गाड्या लागणारच, हे कोणीही मान्य करील. ओळखी वाढाव्यात म्हणून प्रत्येक थांब्यावर कोणी कुठल्याही गाडीत बसावं असाही ठराव झाला. आमची दोन्ही घरं गेली सात वर्षं एकमेकांकडे जेवतात, पण ओळख वाढायला अंत नसतो.

एकत्र प्रवास म्हणजे एकत्र निघणं, म्हणून सर्वांनी शनिवारी पहाटे पाचला उइटहॉर्नच्या ट्रॅम थांब्याशी जमावं असं ठरलं. ब्रेडा मुळातच दक्षिणेला आहे. त्यामुळे आशुतोषला आधी तास-दीड तास ऑस्ट्रियाच्या विरुद्ध दिशेने गाडी हाकावी लागली, पण तत्त्वाला मुरड घालणारा तो माणूस नव्हे.

इथे समितीच्या पारिभाषिक शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. ‘निघतोय’ म्हणजे जागा झालो. ‘निघालो’ म्हणजे आंघोळीला निघालो. ‘पोचतोच’ म्हणजे बुटाचा एक पाय घातला आहे. आशुतोषचा ‘निघालो’ हा संदेश पावणेचारला आला तेव्हाच मी निश्चिंत होऊन पुन्हा आडवा झालो. जयंती मात्र पाचला थांब्यावर उभी होती, हातात हेल्मेटची पिशवी घेऊन. शब्दशः अर्थ घेणाऱ्या माणसांचे असे हाल होतात. आम्ही सातला निघालो. म्हणजे खरोखरच निघालो.

जर्मनीत दुपारी व्युर्झबुर्गला जेवणाचा थांबा घेतला. हमरस्त्यावरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, म्हणून शहरात शिरून एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर गाड्या लावल्या. (शहरात शिरण्यात गेलेल्या पेट्रोलचा हिशोब करणं समितीच्या कक्षेबाहेरचं आहे.) दशम्या झाल्या, ठेचा झाला, दहीभात झाला. जयंतीने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. डबे खरकटे ठेवले तर गाडीत वास मारतो, म्हणून ते धुवायला कोणी जावं असा प्रश्न निघाला आणि सर्वांनी जयंतीकडे पाहिलं. ती पिशवी उचलून आत गेली.

आता मोजणी. समितीत हजेरी आवाजी पद्धतीने होते. चिटणीस विचारतो, सभासद उत्तर देतो, चिटणीस लिहितो. मी खणखणीत आवाजात विचारलं, “सगळे आले का?” आशुतोष “आलो” म्हणाला, चैत्राली “आले” म्हणाली, काका “आलो एकदाचा” म्हणाले. आणि दुकानाच्या दारातून जयंतीचा स्वच्छ आवाज आला, “आलेच!”

आता मला सांगा, यात संशयाला जागा कुठे आहे? व्याकरणदृष्ट्या हा भूतकाळ आहे. क्रिया पूर्ण झालेली आहे. वर ‘च’ लावून ती पक्की केलेली आहे. नुसतं ‘आले’ म्हणणाऱ्या चैत्रालीपेक्षा जयंती अधिक आलेली होती. मी पाच लिहिले आणि दोन्ही गाड्या सुटल्या.

माझ्या गाडीत काका बसले होते. आम्हाला वाटलं जयंती तिकडे आहे, तिकडच्यांना वाटलं इकडे आहे, आणि या सौहार्दाच्या वातावरणात शंभरेक किलोमीटर कापले गेले. रस्ता दाखवायला जयंतीचा फोन लावला होता, कारण माझ्या फोनवर नाट्यगीतं चालू होती. मध्येच तिच्या फोनवर एका अनोळखी जर्मन नंबरचा कॉल आला. अनोळखी नंबर घेऊ नयेत असा ठराव असल्याने मी तो कापला. त्या गडबडीत नकाशा गेला, फोनला कुलूप लागलं आणि तो चेहरा मागू लागला.

मी माझा चेहरा दाखवला. नापसंत. काकांना दाखवायला सांगितला. त्यांनी टोपी काढून, केस सारखे करून दाखवला, तोही नापसंत. शेवटी पुढच्या थांब्यावर फोन देऊन काकांना मागच्या गाडीकडे पाठवलं, की जयंतीला जरा तोंड दाखवायला सांगा.

काका सावकाश परत आले. “शिरीषराव,” ते म्हणाले, “तिकडे जयंती नाही. ते म्हणतात, तुमच्याकडे आहे.”

मी गाडीची डिकी उघडून पाहिली. हे इतिवृत्तात लिहिलेलं नाही, पण पाहिली. वाहनतळावरच तातडीची सभा झाली. नोंद तपासता जयंती हजर असल्याचं आढळलं. तिचा फोन माझ्या हातात, तिची पर्स चैत्रालीच्या पायाशी, आणि घड्याळ तीनच्या पुढे. तिला फोन करावा तर तो माझ्याच हातात वाजणार. आम्ही उलटे फिरलो. त्या बाजूला रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळे परत जायलाच अडीच तास लागले. व्युर्झबुर्गच्या त्या दुकानात पोचलो तेव्हा तिथे जयंती नव्हती, डबेही नव्हते. सुरक्षारक्षकाने सांगितलं, एक बाई आल्या होत्या, गाड्या शोधल्या, त्याच्या फोनवरून एक नंबर लावून पाहिला, मग स्टेशन कुठे म्हणून विचारून चालत गेल्या. कोटाच्या खिशात तिचं बँकेचं कार्ड असायचं, एवढाच काय तो दिलासा. चैत्राली रडायला लागली. आशुतोष म्हणाला की पोलिसांना कळवू, पण त्याआधी निवेदनाचा मसुदा करू.

तेवढ्यात तिचा फोन माझ्या हातात वाजला. ऑस्ट्रियाचा नंबर, अनोळखी. मी ठराव मोडून तो घेतला.

“मी बोलतेय,” जयंती म्हणाली. “तुझा नंबर मला पाठ नाही, माझाच आहे. पोचले मी.”

“पोचलीस म्हणजे नेमकी कुठून निघत्येस?” मी विचारलं. समितीचा कोश माझ्या रक्तात भिनलाय.

“शिरीष, पोचले म्हणजे पोचले,” ती म्हणाली. “बूट झाले मापून. सहाला दहा कमी आहेत. डबे धुतलेत, काउंटरवर ठेवलेत.”

आम्ही पोचलो तेव्हा गाव जेवून झोपलं होतं. दुसऱ्या दिवशी मी, आशुतोष, चैत्राली आणि काका उताराच्या पायथ्याशी ठरल्याप्रमाणे बर्फाजवळ बसलो. वर निळ्या जाकिटात एक ठिपका दिसला. मी हात करून “जयंती!” अशी हाक मारली. वरून आवाज आला, “आलेच!” मी सवयीने कॉफी आणायला वळलो आणि दोन पावलं गेलो नाही तोच ती माझ्यासमोर येऊन थांबली, अंगभर बर्फ उडवून. गाल लाल झालेले, डोळे लकाकत होते. मला तिचा फार अभिमान वाटला. आणि थोडी भीतीही वाटली.

परतीची ट्रेन तिने आधीच ठरवली होती. मी मन मोठं करून म्हटलं, मीही येतो तुझ्याबरोबर. “नऊ दहाची गाडी आहे,” ती म्हणाली. “ये.” मी “आलोच” म्हणालो आणि बॅगेचं कुलूप लावायला वर गेलो.

ट्रेनमधला मूलभूत दोष मी वर नमूद केलेलाच आहे. परतताना गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर इडलीपात्र होतं, पट्टा लावून.

समितीने या प्रकरणाची गंभीर दखल घेतली आहे. जयंतीला बेशिस्तीबद्दल समज देण्यात आली असून ‘आलेच’ या शब्दाच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली आहे. उपसमितीचे सगळे सदस्य बैठकीसाठी निघालेले आहेत.

तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. पण हे वाचायला बसल्यापासून आतल्या खोलीतून तुम्हाला दोनदा हाक आली, आणि दोन्ही वेळा तुम्ही जागचे न हलता ‘आलोच’ म्हणालात. आमच्या हिशोबाने तुम्ही तिथे हजर आहात. ताटावर थांबलेल्या माणसाचा हिशोब वेगळा असू शकतो, आणि स्टेशनचा रस्ता त्यालाही ठाऊक आहे.