मुली, नग दोन

ज्या वस्तूचा कागद असतो, ती वस्तू असते. बाकीच्या नुसत्या दिसतात. हे सत्य जगाला फार उशिरा कळलं, पण ग्वाल्हेर दरबाराच्या फरासखान्यात मुकुंदरावांनी ते एकतीस वर्षं पाळलं. फरासखाना म्हणजे दरबारचे गालिचे, तंबू आणि सतरंज्या सांभाळणारं खातं. मुकुंदरावांच्या काळात तिथून चिठ्ठीशिवाय एकही सतरंजी बाहेर पडली नाही. (एक त्यांच्या स्वतःच्या लग्नाला गेली. तीही चिठ्ठीवर, आणि पंगत उठायच्या आत परत आली.)

पुढे संस्थान विलीन झालं. फरासखाना गेला, आणि मुकुंदराव शिंदे की छावनीतल्या आपल्या घरी येऊन बसले. माणूस पेन्शनीत निघतो, शिस्त निघत नाही. त्यांनी घरातच आवक-जावकाची वही सुरू केली. आलेली वस्तू, आणणाऱ्याची सही. गेलेली वस्तू, नेणाऱ्याची सही. शेजारच्या शालिनीताई वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांनाही सही करावी लागली. त्या दिवसापासून शालिनीताई गुळाचा चहा पितात.

सन त्रेपन्नमध्ये मुकुंदरावांची धाकटी बहीण वारली. तिच्या दोन मुली, दहा वर्षांची शरयू आणि पाच वर्षांची राजलक्ष्मी, तेराव्यापर्यंत मामाकडे राहाव्यात असं ठरलं. वडील भालचंद्र, म्हणजे मुलींचे अण्णा, त्यांना सोडायला आले तेव्हा मामाने सवयीप्रमाणे वही पुढे केली. अण्णा सचिवालयात कारकून. दुःखात बुडालेला कारकूनही कारकूनच असतो: समोर आलेल्या कागदावर सही करतो, वाचत नाही. नोंद अशी होती: ‘आवक. मुली, नग २. परत देणे योग्य आदेश आल्यावर.’

तेरावा होऊन तीन वर्षं झाली.

या तीन वर्षांत अण्णा रविवारी मुलींना न्यायला येत आणि पोहे खाऊन एकटेच परत जात. नकाराची कारणं मामाने वहीच्या मागच्या पानावर व्यवस्थित टिपली होती. शरयूने एकदा त्यांची बेरीज केली. गोवर: एक. अधिक महिना: एक (तो चार महिने चालला). राजीची परीक्षा: सहा (राजी शाळेत जायला लागण्यापूर्वीच्या धरून). वनमालामामीचे डोळे भरून येणं: एकोणीस.

आणि या सगळ्यांच्या वर एक कायमचं कारण होतं: सरकार. मध्यभारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला बसे आणि उन्हाळ्यात इंदूरला. त्याच्या मागोमाग कपाटं जात आणि कपाटांच्या मागोमाग अण्णा.

“अहो भालचंद्र,” मामा म्हणत, “पोरी म्हणजे काय टाइपरायटर आहेत, दर सहा महिन्यांनी गाडीत घालायला? आणि टाइपरायटरचा निदान आदेश तरी असतो. तुमच्याकडे आहे आदेश?”

अण्णांकडे नव्हता. त्यांनी आपल्याच खात्याकडे तीन अर्ज केले. तिन्हींचं उत्तर एकच आलं: ‘सदर मुली या खात्याच्या मालकीच्या नसल्याने कार्यवाही करता येत नाही.’ उत्तर अण्णांनीच टाइप केलं होतं, त्यामुळे त्यात चूक नव्हती.

छप्पन्नच्या ऑक्टोबरात बातमी पक्की झाली. एक नोव्हेंबरपासून मध्यभारतच राहणार नाही, राजधानी भोपाळ. अण्णांची बदली झाली, आणि या वेळी हिवाळ्यात परत येण्याची सोय नव्हती. भोपाळहून दर रविवारी पोहे खायला येणं कोणत्याच नियमात बसत नव्हतं. शरयूने हिशेब केला: आत्ता अण्णांबरोबर गेलो नाही, तर ते भेटणार थेट लग्नाच्या मांडवात.

त्या रविवारी अण्णा हलवायच्या सरकारी सामानाची यादी घेऊन आले. शरयूचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून तीन स्वच्छ प्रती तिच्याकडून हव्या होत्या. कपाटे ११. टाइपरायटर ४ (एक बंद). घंटी १. बादल्या ३. साहेबांची खुर्ची १. त्या खुर्चीची उशी १. असे एकूण त्रेचाळीस अनुक्रमांक.

शरयूने तिन्ही प्रतींत चव्वेचाळिसावा घातला: ‘मुली, नग २. कारकून भालचंद्र यांच्या ताब्यात.’

अण्णांनी यादी न वाचता वर पाठवली. साहेबांनी न वाचता सही केली. (त्या आठवड्यात साहेबांनी नऊशे कागदांवर सह्या केल्या, त्यांतल्या एकाने त्यांचं स्वतःचं पद रद्द झालं.) शिक्का बसला.

पुढच्या रविवारी अण्णा निरोप घ्यायला आले. त्यांना पोहे जाईनात.

“मामा,” शरयू म्हणाली, “अण्णांच्या खिशातला कागद बघून घ्या ना जरा.”

मामाने चष्मा लावला. पहिल्या अनुक्रमांकापासून वाचत ते चव्वेचाळीसवर आले आणि थांबले. कागद उजेडात धरला. नखाने शिक्का खरवडून पाहिला.

“शिक्का असली आहे.”

“अहो, ते शरूचं अक्षर आहे,” मामी म्हणाली. “आंधळ्यालाही कळेल.”

“मला कळत नाही? हे अक्षर मीच घोटून घेतलंय.” मामाने चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसला. “पण सही साहेबांची आहे.” मग शरयूकडे न बघता विचारलं, “तुला जायचंय?”

“अनुक्रमांकात आहे, मामा.”

“मैं भी हूँ क्या उसमें?” राजीने विचारलं.

“नग दोन लिहिलंय, वेडाबाई. मंजे तू पण.”

मामाने वही उघडली. जावक. मुली, नग २. बेसनाचे लाडू, डबा १. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं आणि टाक पुढे केला. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा सही करण्याआधी कागद वाचला: ‘डबा परत. मुली दर उन्हाळी सुटीत परत.’ दोनदा वाचला, आणि सही केली.

भोपाळला नव्या कचेरीत सामानाची मोजणी झाली. कपाटं दोन कमी भरली, बंद टाइपरायटर वाटेत कुठेतरी उतरला, उशीचा तपास अजून चालू आहे. चव्वेचाळीस क्रमांक तेवढा पूर्ण भरला. तपासनिसाने ‘नग २’ पुढे बरोबरची खूण केली आणि विचारलं, “इन्हें रखना कहाँ है?”

“घरी,” अण्णा म्हणाले.

वाचकांनी यावर हवं तितकं हसावं, शुल्क नाही. फक्त हसून झाल्यावर, शेजारच्या खोलीत दंगा करणारी मुलं आपलीच असल्याचा सही-शिक्क्याचा कागद घरात नेमका कुठे ठेवलाय, तो एकदा काढून पाहावा. (आजी, शेजारी आणि नाकाची ठेवण हे पुरावे ग्राह्य धरले जाणार नाहीत.) सापडेपर्यंत ती मुलं नुसती दिसताहेत, असं समजून चालावं.