हलका क्लच

मधुकर दाभोळकरच्या मोटरसायकलच्या क्लचची लिव्हर किंचित वाकली होती. काम मात्र ती चोख करीत होती. तरीही रविवारी मधुकर पनवेलच्या एका दुकानातून चकचकीत नव्या लिव्हरची जोडी घेऊन आला. एक क्लचची, एक ब्रेकची. जुन्या दोन्ही तो बदल्यात देऊन मोकळा झाला होता.

न्यू पनवेलच्या बिल्डिंगखाली त्याने त्या स्वतःच बसवल्या. त्याची बायको सुमेधा चहा घेऊन खाली आली, तेव्हा तो क्लच पुन्हा पुन्हा दाबून पाहत होता.

"दाबून बघ. लोणी आहे लोणी!"

सुमेधाने दाबून पाहिला, मग वाकून नीट न्याहाळला. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती आणि कोणतीही गोष्ट न मोजता मान्य करणं तिला जड जाई.

"अहो, हिच्या बोल्टपासून केबलच्या खाचेपर्यंतचं अंतर कमी वाटतंय. जुनीत जास्त होतं. म्हणजे केबल कमी ओढली जाणार."

"सुमेधा, ही गाडी आहे. प्रयोगशाळा नाही."

सुमेधाने कप उचलला. दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत होती, तळोज्याच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत. लग्नानंतर तिला आलेलं हे पहिलंच बोलावणं. बसचा भरवसा नव्हता, म्हणून मधुकर तिला सोडणार होता.

सकाळी गाडी सुरू झाली, पण पहिला गिअर टाकताच बेडकासारखी उडी मारून बंद पडली. क्लच पूर्ण दाबला तरी सुटतच नव्हता. पुढचा ब्रेकही तसाच, हलका आणि नुसता शोभेचा. शेवटी पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवायची ठरली आणि शेजाऱ्यांनी दोघांना गाडीसकट ढकललं. गाडी धावू लागली.

"आता मधे थांबायचं नाही," मधुकर ओरडला. "थांबलो की बंद पडणार आणि ढकलायला कुणी नसणार!"

"मग मी उतरू कशी?"

"बसमधून उतरतेस तशी!"

कारखान्याच्या गेटाशी त्याने गाडी जेमतेम माणसाच्या चालीवर आणली. सुमेधाने पदर खोचला, फाइल छातीशी धरली आणि उतरून चार पावलं पळत थांबली. वॉचमन पाहतच राहिला. मधुकर पुढे निघून गेला. तो रस्ता कारखान्याला वळसा घालून परत गेटाशीच येत होता, तेव्हा फिरत राहण्याची सोय छान होती.

गेटाबाहेर मासळी विकणाऱ्या चंद्राबाईंना त्याची कीव आली.

"दादा, थांब रं, पानी तरी पी!"

"थांबता येत नाय, मावशी!" म्हणत दादा वळणाआड गेला.

आत कारखान्याचे मॅनेजर श्यामसुंदर शेवडे आणि पर्सोनेल खात्याचे नंदकुमार मुलाखत घेत होते. पण शेवडेसाहेबांचं लक्ष सारखं खिडकीबाहेर जात होतं.

"बाई, तो गेटासमोर चकरा मारणारा माणूस कोण?"

"माझे मिस्टर आहेत, सर."

शेवड्यांनी नंदकुमारांकडे पाहिलं. नंदकुमारांनी पेनाला टोपण लावलं.

"मागच्या बाईंचे मिस्टरही असेच यायचे," शेवडे म्हणाले. "बाई कुणाशी बोलतात, कधी सुटतात, सगळ्यावर नजर. शेवटी बाईंनी राजीनामा दिला. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. असा संशयी माणूस घरात असेल तर नोकरी टिकत नाही."

 सुमेधाची नोकरी डोळ्यांसमोर निसटत होती, तीही रसायनशास्त्राचा एकही प्रश्न न येता.

"सर, ते संशयी नाहीत. त्यांचा क्लच सुटत नाहीये."

तिने समोरच्या कागदावर लिव्हर काढली, बोल्ट आणि खाच दाखवली. "अंतर कमी म्हणून हाताला हलकं लागतं, पण केबल पुरेशी खेचली जात नाही."

"छे! ॲडजस्टमेंट असेल नुसती," शेवडे उठले. "मी कॉलेजपासून गाडी चालवतोय. चला, बघू."

सगळे गेटाशी आले. सुमेधाने हात केला, मधुकरने ब्रेक दाबला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. शेवड्यांनी केबलचा नट फिरवला, क्लच दाबला.

"वा! किती हलका आहे!"

"होय ना?" मधुकर कृतज्ञतेने म्हणाला.

शेवडे स्वार झाले. नंदकुमार आणि वॉचमनने ढकललं. साहेब गेले, वळसा घालून आले आणि न थांबता पुढे गेले. तोवर कारखान्याच्या सगळ्या खिडक्या माणसांनी भरल्या होत्या. इतक्या लोकांसमोर गाडी बंद पाडून घेणं मॅनेजरला शोभलं नसतं.

पुढच्या फेरीला ते ओरडले, "बाई, टायट्रेशनला थेंब जास्त पडून एंड पॉइंट हुकला तर?"

"नव्याने करीन, सर!"

त्यानंतरच्या फेरीला, "हुकलेलाच आकडा लिहा म्हणून वरून सांगितलं, तर?"

"लिहिणार नाही!"

यावर साहेबांना विचार करायला अख्ख्या कारखान्याचा वळसा मिळाला. परत आले ते मान डोलावतच. "नंदकुमार, घेऊन टाका! आजपासूनच!"

नंदकुमारांनी तिथल्या तिथे नेमणुकीसाठी सुमेधाची सही घेतली. एवढ्यात सुटलेल्या शिफ्टची बस पनवेलकडे निघाली.

"बसा बाई, तुमच्या घरच्या रस्त्यानेच जाते," नंदकुमार म्हणाले.

मधुकरही मागोमाग चढू लागला. ड्रायव्हरने हात आडवा केला.

"साहेब, ओन्ली स्टाफ."

"अगं, मी काय करू?" मधुकर खिडकीशी येऊन म्हणाला. समोरून त्याची गाडी साहेबांना घेऊन पुन्हा एकदा गेली.

"पेट्रोल संपलं की थांबतीलच," सुमेधा शांतपणे म्हणाली. "तोवर मी भात टाकते."