तारखेला आलेलं पाणी

नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. बावीस वर्षं हिंदुराव तात्या पाटबंधाऱ्याच्या साहेबांना, सोसायटीच्या सचिवाला आणि ग्रामसभेत समोर येईल त्याला नाही म्हणत आले होते. सांगवीत या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा माणूस नव्हता. पण एप्रिलच्या शेवटी पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातीनं, नऊ वर्षांच्या संस्कृतीनं, ओसरीवर बॅग टाकल्या टाकल्या विचारलं, "आजोबा, तुम्हाला पोहता येतं?" आणि तात्या म्हणाले, "व्हय."

(ज्याला नातवंडं आहेत, तो या एका शब्दाबद्दल त्यांना दोष देणार नाही. ज्याला नाहीत, त्यानं जरा थांबावं.)

संस्कृतीच्या हातात रबरी निळी टोपी आणि पाण्यात घालायचा चष्मा होता. पुण्यात तिनं पोहण्याचा क्लास लावला होता. तिनं पुढचा प्रश्न विचारला, "कुठं शिकलात?"

"भिगवणला. मामाकडं ऱ्हाऊन कॉलेज करत हुतो तवा. उजनीचं पाणी म्हंजे समुद्रच. ह्या काठाला उडी टाकायची आन पल्याडच्या काठाला जाऊन भेळ खायची."

यातलं भिगवण खरं होतं, मामा खरा होता, भेळही खरी होती. बाकीची पोरं पाण्यात उड्या टाकत तेव्हा तात्या काठावर बसून त्यांचे कपडे राखत. तीन उन्हाळे त्यांनी ही चाकरी इमानानं केली. कुणाचा सदरा कुठला आणि कुणाच्या खिशात बिडीचं बंडल, हे ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगतील. सूर कसा मारावा, मुटका कसा मारावा, उताणं पडून दम कसा खावा, हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त ते सगळं काठावरून पाठ झालं होतं.

गोष्ट इथंच मिटली असती. पण संस्कृती त्यांना खेटून बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाला सांगू नका हं. मला खोल पाण्यात भीती वाटते. सरांनी सगळ्यांना उडी मारायला लावली. मी एकटीच शिडी धरून उतरले. सगळे हसले."

तात्यांनी तिची निळी टोपी हातात घेऊन उलटसुलट केली.

"तुम्ही माझा हात धरून उडी माराल? मग मी मारीन."

आता उडी मारायची कुठं? गावाबाहेर कालव्याची चारी जिथं एकदम खाली उतरते, तिथं पडणाऱ्या पाण्यानं जमीन खोदून पुरुषभर खोल खड्डा केला आहे. त्याला सगळे डोह म्हणतात. त्या दिवशी डोहात एक फुटकी चप्पल आणि भेगा पडलेला गाळ होता.

"पाणी कधी येणार?" संस्कृतीनं विचारलं.

तात्यांच्या जिवात जीव आला. उन्हाळी आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची, तारीख पाटबंधाऱ्याच्या कचेरीच्या फलकावर खडूनं लिहिलेली होती: चौदा मे. म्हणजे पाणी चौदा मेला येणार नाही, एवढं ठरलेलं होतं. बावीस वर्षांत ते एकदाही फलकावरच्या तारखेला आलं नव्हतं. सगळ्यांत कमी उशीर झाला त्या वर्षी अकरा दिवसांचा झाला होता, आणि त्याबद्दल तेव्हाच्या साहेबांचा सत्कार घडवून आणण्यात आला होता. संस्कृती वीस मेला परत जाणार होती. हिशेब अगदी सरळ होता.

"चौदा मे," तात्या छाती काढून म्हणाले. "सकाळी आठाला. डोहावर. तू आन मी."

ज्या दिरंगाईविरुद्ध माणूस आयुष्यभर भांडला, तिच्याच भरवशावर तो नातीला शब्द देऊन बसला. एवढा विश्वास त्या खात्यावर आजवर कुणी टाकला नसेल.

संध्याकाळी चहाच्या हॉटेलात त्यांनी उजनीची आणि चौदा मेच्या उडीची ही गोष्ट आपणहून सांगितली. शेजारच्या रानाचे सावळाराम बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तात्या, आन पाणी खरंच आलं तर?"

"बोर्डावरल्या तारखेला? आपल्या जल्मात?"

सगळे हसले. तात्या सर्वांत मोठ्यानं हसले.

अकरा तारखेला दुपारी तात्यांचा फोन वाजला. कचेरीतल्या नव्या शाखा अभियंता संजीवनी मॅडम बोलत होत्या. मार्चमध्ये तात्यांनी साठ शेतकरी घेऊन त्यांच्याच दारात तीन दिवस उपोषण केलं होतं आणि निवेदन दिलं होतं: जाहीर केलेल्या तारखेला चारीच्या शेवटच्या रानापर्यंत पाणी मिळालेच पाहिजे. मॅडम नोकरीत नव्या होत्या. निवेदन वाचायची वाईट खोड त्यांना होती.

"तात्या, आनंदाची बातमी. चौदाला सकाळी सहा वाजता तुमच्याकडं पाणी. अगदी शेवटच्या रानापर्यंत. तुमचं निवेदन मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, रोज बघते."

तात्यांनी फोन ठेवला, टोपी घातली आणि मोटारसायकल काढली. अर्ध्या तासात ते मॅडमच्या टेबलासमोर उभे होते. काचेखालून त्यांचीच सही त्यांच्याकडं बघत होती.

"मॅडम, येवढी घाई कशापायी?"

"घाई? तुम्हीच उपोषणाला बसला होतात."

"बसलो हुतो. पर चारी साफ न्हाय."

"जेसीबी लावून कालच साफ केली."

"चारीची दारं मोडल्याती."

"नवी बसवली."

"पान्याचा दाब... लोकांची मानसिक तयारी न्हाय वो."

"वरच्या गावांचे लोक काल पेढे घेऊन आले होते." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या ताठ बसल्या. "तात्या, आधीच्या साहेबांनी जाताना मला सांगितलंय. हा माणूस पुरावे गोळा करतो. मी तारीख बदलली की तुम्ही उद्या पेपरला देणार. मी नाही बदलणार. एक मिनिटसुद्धा नाही."

बावीस वर्षं तात्या ज्या ताठ अधिकाऱ्याची मागणी करत होते, तो शेवटी मिळाला. तो नेमका या आठवड्यात मिळाला.

उरलेल्या दोन दिवसांत त्यांनी शक्य ते सगळं केलं. गोठ्यामागच्या सिमेंटच्या हौदात श्वास कोंडून डोकं बुडवायचा सराव सुरू केला. तिसऱ्या बुडीला वर आले तर समोर त्यांच्या पत्नी कुशाबाई वैरणीचा भारा घेऊन उभ्या. शेजारी म्हैस उभी होती. दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव होता.

"म्हशीच्या पान्यात त्वांड घालून काय करताय?"

"ऊन लई हाय."

कुशाबाईंनी भारा टाकला आणि हौदाच्या कठड्यावर बसल्या. "अवो, पोरीला सांगून टाका. न्हाय येत पवाया."

तात्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? लग्नानंतर धोंड्याच्या महिन्यात लासुर्ण्याला माझ्या म्हायेरी आला हुता. माझ्या भावांनी हिरीत उड्या मारल्या. जावई वरच्या पायरीवर सगळ्यांची धोतरं मांडीवर घिऊन बसला हुता. माझी आई म्हनली, जावई लई सालस हाय गं. मी तवाच वळखलं."

अडतीस वर्षं ही बाई हे पोटात ठेवून होती. तात्यांना रागवावं की हात जोडावेत, कळेना.

"सावळा काय म्हनंल? सारं गाव काय म्हनंल?"

"गावाचं मरूं द्या. ती पोरगी तुमच्या हाताच्या भरवशावर उडी मारनार हाय. हात कुनाचा हाय, त्ये तिला कळाया नको?"

तात्या पुन्हा पाण्यात डोकं बुडवून राहिले. या वेळी सरावासाठी नाही.

तेरा तारखेला त्यांनी खोकला काढून पाहिला. संस्कृतीनं गंभीरपणे सांगितलं की पोहण्यानं फुप्फुसं मजबूत होतात, असं सर म्हणतात. कंबर धरून पाहिली. त्यालाही पोहणं चांगलं, असं सर म्हणतात. ते सर तात्यांना समोर मिळाले असते तर त्यांच्या दारातही उपोषण झालं असतं.

चौदा मेला सकाळी सहाला एक मिनिट कमी असताना चारीला पाणी आलं.

आठ वाजता डोह काठोकाठ भरला होता आणि काठावर दीडशे माणूस होतं. हलगी होती, हार होता, पेढे होते. वाळत चाललेल्या उसाला वेळेवर पाणी मिळालं होतं आणि ते तात्यांमुळं मिळालं होतं. बायामाणसांनी तात्यांना ओवाळलं. सावळारामांनी हार घातला आणि कानात म्हणाले, "तात्या, उजनीतला सूर दावा आता."

संस्कृती निळी टोपी आणि चष्मा लावून काठावर उभी होती. ओठ पांढरे पडले होते. तिनं हात पुढं केला. तात्यांनी तो धरला. बर्फासारखा गार होता.

"तीन म्हटल्यावर," ती म्हणाली. "एक."

हलगी थांबली.

"दोन."

"थांब," तात्या म्हणाले. ते खाली वाकले. भाषणात माइकशिवाय तीन गल्ल्या ऐकू जाणारा त्यांचा आवाज पार बसला होता. "बाळा, मला पवाया येत न्हाय. कवाच येत नव्हतं. मी काठावर कापडं राखायचो."

संस्कृतीनं चष्मा कपाळावर सरकवला. "मग तुम्हाला भीती वाटते?"

"लई."

"माझ्याइतकी?"

"तुझ्याहून जास्ती."

तिनं यावर विचार केला. ती काय म्हणते, ते तात्यांना ऐकायचं होतं. सगळं गाव थुंकलं असतं तरी चाललं असतं, पण हिनं हात सोडू नये. पण तेवढ्यात मागून सावळाराम ओरडले, "काय म्हनले तात्या?"

"पवाया येत न्हाय म्हनत्यात!" पुढं उभ्या असलेल्या कुणीतरी ओरडून सांगितलं.

दीडशे माणूस एकदम हसलं. एकाचाही विश्वास बसला नाही. बावीस वर्षांत या माणसानं जे जे सांगितलं त्यातलं बरंच गावानं मानलं होतं, नेमकं हे एक खरं बोलला तर ते मानायला कुणी तयार नव्हतं.

"थोर मानूस! सत्कार नको म्हनून म्हनतोय!"

"उचला रं तात्यांना!"

"आरं खरंच येत न्हाय! आरं सावळ्या! कुशा, सांग की ह्यास्नी!"

कुशाबाई "अवो सोडा, सोडा" म्हणत पुढं धावल्या, पण हलगी पुन्हा कडाडली होती. चौघांनी हातपाय धरले, एक झोका, दोन झोके, आणि आवर्तनाचे जनक हारासकट डोहाच्या मधोमध जाऊन पडले.

हार वर आला. तात्या आले नाहीत.

मग एक हात वर आला, टोपी आली, "आ" एवढंच ऐकू आलं आणि सगळं परत खाली गेलं. काठावर कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "बुडी बगा कसली लांब हाय!"

कुशाबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला आणि सूर मारला. गावानं कुशाबाईंना अडतीस वर्षं पाहिलं होतं, ओलं कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्याआधी, जिथं डोह सगळ्यांत खोल आहे तिथं, एक निळी टोपी पाण्यात शिरली होती. संस्कृतीनं काठावरचा फवारणीचा रिकामा कॅन काखेत मारला होता आणि "एक, दोन" काहीही न म्हणता उडी टाकली होती. ती वर आली ती थेट तात्यांसमोर कॅन ढकलत. "आजोबा, धरा! पाय मारा! माझ्या गळ्यात पडू नका!" कुशाबाईंनी मागून सदऱ्याची कॉलर धरली. एकीनं ओढलं, दुसरीनं ढकललं, आणि तात्या काठाला लागले.

ते गाळात पालथे पडून पाणी ओकत होते. सावळारामांनी टोपी काढली होती.

संस्कृती शेजारी बसली. दात वाजत होते. "आजोबा," ती म्हणाली, "मी उडी मारली."

"बगितलं."

"खोल होतं."

"मला इचार किती खोल होतं." तात्यांनी तिचा हात शोधला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

वीस तारखेपर्यंत सहा दिवस होते. पंधराला सकाळी संस्कृतीनं त्यांना चारीच्या उथळ भागात नेलं आणि वर्ग सुरू केला. तिच्या क्लासात नवशिक्यांच्या तुकडीला 'टॅडपोल' म्हणजे बेडकाचं पिल्लू म्हणतात. तात्या त्या तुकडीत एकटेच होते. काठ दोन्ही हातांनी धरायचा, पालथं पडायचं, तोंड पाण्यात आणि पाय मारायचे. रानात जाणारी माणसं "राम राम तात्या" म्हणत आणि तात्यांच्या पार्श्वभागाला नमस्कार करून पुढं जात.

अठरा तारखेला पाणी कसं चाललंय ते बघायला संजीवनी मॅडमची जीप तिथून निघाली होती. चारीत आडवा पडलेला माणूस पाहून त्यांनी ब्रेक मारायला लावला, माणूस ओळखला आणि घाईघाईनं वरच्या साहेबांना फोन लावला.

"सर, पाणी वेळेवर सोडलं तरी हिंदुराव तात्या चारीत झोपलेत. पायही आपटताहेत. नाही सर, मागणी अजून कळली नाही."

'मागणी' हा शब्द कानावर पडावा आणि तात्यांनी गप्प राहावं, हे शक्य नव्हतं. त्यांनी झटकन मान वर काढली, पाणी निथळवलं आणि मॅडमना खडसावण्यासाठी तोंड उघडलं.

"आजोबा!" काठावरून शिट्टी वाजली. "तोंड आत!"

तात्यांनी एकदा मॅडमकडं पाहिलं, एकदा नातीकडं पाहिलं, आणि तोंड आत घातलं.