दांडीवरची सोनेरी रेघ

खर्र, खर्र, खर्र. जुन्या रंगावर पॉलिश पेपर फिरण्याचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला बेचाळीस वर्षं झाली. सायकली रंगवणाऱ्या एका माणसाच्या दुकानात माझी सायकल उलटी टांगली होती आणि तो ती घासत होता. मागच्या खोलीच्या दारात त्याची मुलगी बसायची. रंग वाळला की सायकल तिच्याकडे जायची आणि ती लांब केसांच्या ब्रशने सोनेरी रेघा ओढायची. (रंग वाळायला दोन दिवस लागतात हे मला ठाऊक होतं. चौकशीला मी अकरा दिवस गेलो.)

ती मुलगी पुढे माझी बायको झाली. सायकल अजून घरात आहे. तिच्या दांडीवरची रेघ शेवटाला, सीटजवळ, जराशी थरथरली आहे. ती ओढताना मी दारात उभा असणार, असं माझं मत आहे. हे मत मी कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी मऊ फडक्याने ती रेघ पुसतो, एवढंच.

गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, "बाबा, सायकलीची पार रया गेलीय. खरडून निळा रंग मारून घेऊ."

"बघू," मी म्हणालो.

मी 'बघू' म्हणालो की आमच्याकडे ते 'हो' धरतात. त्यामुळे त्या दिवसापासून मला घरातल्या सगळ्यांचा संशय यायला लागला. मुलगा सायकलीजवळून जाताना उगाच हळू चालतोय, असं वाटे. सून फोनवर कुणाला तरी म्हणाली, "निळाच घेऊ, मळत नाही." (पडद्यांबद्दल बोलत होते, असं तिचं म्हणणं.) एका सकाळी मी दाढी करत होतो आणि आतून आवाज आला. खर्र, खर्र! तोंडाला साबण तसाच ठेवून धावलो. बायको करपलेलं पातेलं घासत होती.

"काय झालं?"

"काही नाही. घास तू."

मग मी सायकल न्हाणीघरात नेऊन ठेवली.

"अहो, आंघोळ मी करायची की सायकलीने?"

"तूच कर. पण पाणी उडवू नकोस."

असं किती दिवस चालणार? शेवटी मी ठरवलं की दांडीला पारदर्शक वार्निशचा एक हात द्यायचा. सायकल चकाकली की निळ्या रंगाला कारणच उरणार नाही.

रंगाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, जुन्या रंगावर लावताय ना? आधी खालच्या बाजूला, दिसणार नाही असं थोडं लावा. अर्धा तास थांबा, मग पुढचं."

हे त्याने दोनदा सांगितलं. ओळख ना पाळख आणि एवढी काळजी? मी मनात म्हटलं, याला मुलाचा फोन आलेला दिसतो. अर्ध्या तासात मुलगा घरी पोचणार. मी कसला थांबतो! घरी आलो आणि पहिला हात थेट रेघेवरच मारला.

दोन मिनिटं रेघ अशी झळकली की माझे डोळे भरून आले. मग रंगाला सुरकुत्या पडल्या. दुधावर साय धरते तसा तो वर आला. मी घाबरून फडक्याने पुसलं. साय फडक्यात आली, आणि रेघही.

फडकं हातात धरून मी तिथेच खाली बसलो. बायको आली.

"अहो, असे काय बसलात? पडलात का?"

"रेघ गेली."

"कुठली?"

"तुझी. दांडीवरची."

आणि बेचाळीस वर्षांत बोललो नव्हतो ते सगळं बोललो. ती थरथर, ते दार, रोजचं फडकं. मला बोलायला वेळ लागतो. तोवर ती स्टूल ओढून बसली.

"शेवटाला हललेली होती, तीच ना?"

"तीच."

"ती वडिलांनी ओढली होती."

"काय?"

"तुम्ही सारखे डोक्याशी उभे! मी सांगितलं, या माणसाची सायकल मी करणार नाही. मग त्यांनीच ब्रश घेतला. त्यांच्या हाताला संधिवात होता, माहीत आहे ना तुम्हाला?"

म्हणजे बेचाळीस वर्षं मी सासऱ्यांच्या संधिवातावरून मऊ फडकं फिरवत होतो. (ते होते तोवर आमचं एकमेकांशी धड बोलणंही नव्हतं.)

मग मला एक शंका आली. शंका यायला नको होती, पण महिनाभराची सवय.

"तुझी रेघ कधी थरथरलीच नाही?"

"थरथरली की. एकदा."

"कुणाच्या सायकलीवर?"

तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं, झटकलं, गालातल्या गालात हसली आणि आत निघून गेली.